स्लावुताचे ग्रंथ : प्रस्तावना

पेशवे दफ्तराचे रुमाल सोडण्यात आणि बांधण्यात ज्याची हयात गेली, ज्याला हिब्रू लिपीतील बावीस अक्षरे साठी उलटल्यावर ओळखू येऊ लागली आणि अजूनही जो ती उजवीकडून डावीकडे वाचताना अडखळतो, अशा माणसाकडे पूर्व युरोपातील हसिदी छापखान्यांच्या दुर्मिळ धर्मग्रंथांविषयीच्या पुस्तकाची प्रस्तावना मागावी, हे ग्रंथकर्त्यांचे धाडसच म्हटले पाहिजे. मी नकार देण्याच्या तयारीनेच त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांनी वाद घातला नाही. फडक्यात गुंडाळलेला एक जाडजूड खंड माझ्यापुढे ठेवला आणि चहाचे सांगावयास ते आत गेले.

खंड तालमूद या यहुदी धर्मशास्त्रग्रंथाचा होता, प्रार्थना व आशीर्वचने यांचा विचार करणाऱ्या ‘ब्राखोत’ या प्रकरणाचा. मुखपृष्ठ गेलेले. कागद हातबनावटीचा, चिंध्यांच्या लगद्याचा, निळसर झाक असलेला, आणि दोनशे वर्षांनंतरही इतका चिवट की पान उलटताना त्याचा कापडासारखा आवाज होत होता. आपल्या पुस्तकांची पाने उजवीकडच्या खालच्या कोपऱ्याशी मळतात. हिब्रू पुस्तक उलट बाजूने उघडत असल्यामुळे येथे डावा कोपरा मळला होता, आणि काही पानांवर तर तो अंगठ्याच्या बेताने गोल झिजून नाहीसाच झाला होता. मधल्या एका पानावर मेणाचे तीन थेंब होते. त्यांतला एक नेमका अक्षरावर पडलेला, आणि कोणी तरी तो नखाने खरवडून काढावयास गेल्यामुळे अक्षरही निम्मे निघून आलेले. एका ठिकाणी कसर शिरून चाळीसेक पाने आरपार पोखरून गेली होती. अखेरच्या कोऱ्या पानावर तीन निरनिराळ्या वळणांच्या हस्ताक्षरांत मुलांच्या जन्मतिथी मांडल्या होत्या. शेवटच्या ओळीत महिना लिहिला होता, तिथी लिहावयाची राहून गेली होती. ग्रंथकर्ते चहा घेऊन बाहेर आले तेव्हा नकाराचे मी विसरून गेलो होतो. मुखपृष्ठ नसताना हा खंड स्लावुताचा हे कशावरून, एवढेच मी विचारले. खिळ्यांचे वळण, ओळींची मोडणी आणि कागद या तिन्ही गोष्टी संपूर्ण प्रतीशी ताडून पाहिल्यावरून, असे त्यांनी सांगितले, आणि मग दोन तास ते त्या खिळ्यांविषयी बोलत राहिले.

ज्या ग्रंथांचा संग्रह हा या पुस्तकाचा विषय आहे त्यांच्याबाबत पहिली अडचण अशी की, ते ज्या पंथातून निघाले त्या पंथाला आरंभी ग्रंथांचे फारसे कौतुक नव्हते. अठराव्या शतकात पोडोलिया व व्होल्हिनिया या प्रांतांत, म्हणजे आजच्या युक्रेनच्या पश्चिम भागात, जो हसिदी पंथ उदयाला आला त्याचे आद्य पुरुष इस्रायल बाल शेम तोव्ह 1760 मध्ये मेझिबूझ येथे वारले, तोपर्यंत त्यांच्या नावाचा एकही ग्रंथ छापला गेला नव्हता. गुरूची प्रवचने मुख्यतः शब्बाथच्या भोजनपंक्तीत होत, आणि शब्बाथच्या दिवशी लेखणी हाती धरणे यहुदी धर्मशास्त्राला मंजूर नाही. म्हणून शिष्य ती ऐकत, मनात घोकत, आणि शनिवारी चांदण्या दिसू लागल्यावर दिवा लावून आठवेल तेवढे उतरवून काढीत. बोलणे यिद्दिश या रोजच्या बोलीत झालेले, उतरवणे हिब्रूमध्ये. जे मुखातून निघाले आणि जे कागदावर उतरले त्यांच्यात एक दिवस, एक भाषा आणि एका माणसाची स्मरणशक्ती एवढे अंतर पडत असे. ज्यांनी लीळाचरित्राच्या पाठांचा इतिहास थोडाबहुत वाचला आहे त्यांना ही धडपड परकी वाटणार नाही.

बाल शेम तोव्ह यांच्या आख्यायिकांचा जो संग्रह इस्रायल याफे या मुद्रकाने 1814 च्या सुमारास कोपुस्त येथे छापला, त्यात लिहून ठेवलेल्या शब्दाविषयीच्या अविश्वासाची एक मार्मिक गोष्ट आली आहे. गुरूंना एकदा एक पिशाच्च काखेत पुस्तक घेऊन चाललेले दिसले. हे कोणते पुस्तक, असे विचारताच, हे तुम्हीच रचलेले, असे उत्तर मिळाले. गुरूंनी ओळखले की कोणी तरी शिष्य आपले बोलणे चोरून लिहून ठेवतो आहे. त्यांनी त्याला हुडकून काढले, वही मागवली, पानन् पान तपासले, आणि यात माझा एकही शब्द नाही, असा निर्वाळा दिला. ही गोष्ट छापील पुस्तकात यावी यातला विनोद याफे यांच्या ध्यानात आला होता की नाही, कोण जाणे.

तरीही ग्रंथ निघाले, आणि निघाले ते धडाक्याने. 1780 मध्ये कोरेत्स येथे पोलोन्नेचे रब्बी याकोव्ह योसेफ यांचा ‘तोलदोत याकोव्ह योसेफ’ हा ग्रंथ छापून झाला. हसिदी शिकवणीचा हा पहिला छापील ग्रंथ, आणि त्यात जागोजागी गुरुमुखातून ऐकल्याचा हवाला देऊन बाल शेम तोव्ह यांची वचने नोंदलेली. पुढच्याच वर्षी त्याच गावी मेझेरिचच्या मग्गिदांची, म्हणजे तेथील प्रवचनकारांची, प्रवचने निघाली. 1788 मध्ये ल्वूव्ह येथे लिझेन्स्कचे रब्बी एलिमेलेख यांचा ‘नोआम एलिमेलेख’ त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला, आणि त्याची लोकमानसातली योग्यता अशी की प्रसूतिवेदना सुरू झालेल्या स्त्रीच्या उशाखाली हा ग्रंथ ठेवण्याची वहिवाट आजतागायत चालत आली आहे. हसिदी पंथाच्या यहुदी विरोधकांनीही या ग्रंथांचे महत्त्व आपल्या परीने ओळखले. बहिष्कारपत्रे निघाली, पुस्तके जाळल्याच्या वार्ता नोंदल्या गेल्या. जाळण्याचे काम केवळ शत्रूंनीच केले असेही नाही. ब्रात्स्लावचे रब्बी नाखमान यांनी आपलाच एक ग्रंथ 1808 मध्ये शिष्याकरवी जाळवला, आणि जगातल्या कोणत्याही संग्राहकाच्या हाती जो कधीच लागणार नाही असा हा ग्रंथ त्यांच्या संप्रदायात अद्याप ‘जळालेला ग्रंथ’ या नावानेच आदराने उल्लेखिला जातो.

छापखाने पुष्कळ होते: कोरेत्स, ऑस्त्रोग, बेर्दिचेव्ह, श्क्लोव्ह, कोपुस्त, सुदिल्कोव्ह, त्यांचा तपशील मूळ ग्रंथात आहे आणि वाचकाने तो तेथेच पाहावा. स्लावुताविषयी मात्र येथे थांबल्यावाचून पुढे जाता येत नाही.

होरिन नदीकाठचे हे लहानसे गाव सांगुश्को सरदारांच्या जहागिरीतले. अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कोरेत्सचे प्रसिद्ध साधुपुरुष रब्बी पिन्हास यांचे चिरंजीव मोशे शापिरो यांनी तेथे छापखाना घातला. मोशे हे गावचे रब्बीही होते. म्हणजे एकाच घरात धर्मनिर्णय आणि फर्म्यांचे हिशेब. छापखान्याचे साहित्य प्रथम शुद्धिस्नानाच्या कुंडात बुडवून मग कामास लावले गेले, असे हसिदी परंपरा सांगते. याचा कागदोपत्री पुरावा मागण्यात अर्थ नाही. पण ही समजूत इतकी दृढ होती की स्लावुताचा ग्रंथ घरात असणे हेच एक प्रकारचे रक्षाकवच मानले जाई, आणि आजही लिलावात स्लावुताच्या प्रतीला दुसरीकडच्या त्याच काळच्या, तशाच प्रतीहून चढा भाव येतो त्याचे मूळ या समजुतीतच आहे. मुखपृष्ठावरील काही ओळी तांबड्या शाईत, मजकूर दाट काळा, आणि अक्षरांना असे भरदार वळण की एकदा डोळ्यांना सवय झाली म्हणजे दुसऱ्या छापखान्याचे पान त्यांपुढे फिके वाटते.

येथेच ल्यादीचे रब्बी श्नेऊर झाल्मान यांचा ‘लिकुते अमारीम’, लोकांत ज्याला ‘तान्या’ म्हणतात तो ग्रंथ, प्रथम छापला गेला. त्याच्या मुखपृष्ठावर कर्त्याचे नाव नाही. नाव कळते ते पुढच्या पानावरील संमतिपत्रांतून. या संमतिपत्रांना ‘हस्कामा’ म्हणतात, आणि ज्याला या ग्रंथांचा संग्रह करावयाचा आहे त्याने मूळ ग्रंथाआधी ती वाचावयास शिकले पाहिजे. कारण ती वरवर आशीर्वादाची पत्रे दिसली तरी व्यवहारात ते मनाईहुकूमच असतात. अमुक इतक्या वर्षांच्या आत हा ग्रंथ दुसऱ्या कोणी छापील तर त्यावर धर्मबहिष्कार, अशी त्यांत ताकीद असते. ‘तान्या’पुरती ही मुदत पाच वर्षांची होती. आता या ग्रंथाचे साल पाहा. हिब्रूत अक्षरे हेच अंक; मुखपृष्ठावर तव, कोफ, नून, झायिन ही चार अक्षरे येतात, म्हणजे चारशे, शंभर, पन्नास आणि सात, मिळून 557. पाच हजारांचा आकडा गृहीत धरून तो गाळण्याची पद्धत आहे. या आकड्यात 1240 मिळवले की इसवी सन 1797 येतो, आणि नवखा संग्राहक वहीत तेच साल टिपून मोकळा होतो. पण यहुदी वर्ष शरद ऋतूत बदलते, आणि हा ग्रंथ पूर्ण झाला तो किस्लेव महिन्याच्या विसाव्या तिथीला, म्हणजे 20 डिसेंबर 1796 रोजी. कित्येकदा तर मुद्रक सरळ चार अक्षरे न देता बायबलातील एखादे वचन घालतात आणि त्यातली काही अक्षरे मोठ्या खिळ्यांत जुळवतात; तेवढ्याच अक्षरांची बेरीज करावयाची. आपल्याकडे शके देताना ‘बाण’, ‘नेत्र’, ‘वेद’ असे शब्द योजतात, तसाच हा कूटप्रश्नांचा शौक. खिळा झिजून मोठे अक्षर लहान दिसू लागले, की एका अक्षरापायी दोनशे वर्षांची चूक होते.

तालमूद छापणे म्हणजे मुद्रकाच्या आयुष्याची कमाई पणाला लावणे. खंड अनेक, पान मोठे, मधोमध मूळ पाठ, दोहो बाजूंना भाष्ये, आणि प्रत्येक पानाची मोडणी आधीच्या आवृत्त्यांप्रमाणे हुबेहूब राखावयाची, कारण सारे यहुदी जग पानांच्या अंकांनीच तालमूदचा हवाला देते. प्रत्येक प्रकरणाचा आरंभ दुसऱ्या पानापासून होतो, कारण पहिले पान मुखपृष्ठाचे. हा उद्योग शापिरो घराण्याने 1801 पासून 1822 पर्यंत तीन वेळा तडीस नेला. 1835 मध्ये विल्ना येथील रोम कुटुंबाच्या छापखान्याने आपली आवृत्ती काढावयास घेतली. तेव्हा स्लावुताने संमतिपत्रातील मुदत अजून संपली नसल्याचा दावा पुढे केला, आणि पाहता पाहता शंभराहून अधिक रब्बी दोन बाजूंना उभे राहिले. पोझेनचे रब्बी अकिवा एगर यांनी विल्नाचा पक्ष उचलला. हसिदी गुरूंनी स्लावुताचा. दोन मुद्रकांचा व्यापारी तंटा होता तो दोन पंथांचा झाला. या भांडणाची पत्रे वाचताना मला वतनाच्या खटल्यांतील महजरांची आठवण झाली. तेथेही हक्क एका शेताचा असतो आणि इरेला पडतो साऱ्या घराण्याचा लौकिक.

त्याच सुमारास, 1835 मध्येच, स्लावुताच्या छापखान्यातला एक बुकबाइंडर गळफास लागलेल्या स्थितीत मृत आढळला. छापखान्यात सरकारी तपासणीवाचून ग्रंथ छापले जातात याची तो खबर देणार होता, सबब मालकांनीच त्याचा जीव घेतला, असा आळ आला. मोशे यांचे पुत्र श्मुएल अब्बा आणि पिन्हास यांना धरून कीव्हच्या तुरुंगात नेले, आणि झार निकोलसच्या अमदानीत न्यायाचे काम ज्या गतीने आणि ज्या वृत्तीने चाले तसे ते चालून 1839 मध्ये दोघांना दोहो बाजूंना उभ्या असलेल्या शिपायांच्या रांगांतून छडीमार खात जाण्याची सजा झाली, आणि तीतून वाचल्यास सैबेरियाची हद्दपारी. त्या रांगांतून जाताना एका भावाच्या डोक्यावरची टोपी पडली. उघड्या डोक्याने पाऊल टाकणे त्याला मंजूर नव्हते. तो मार खात मागे वळला, टोपी उचलून डोक्यावर ठेवली आणि मगच पुढे गेला, असे सांगतात. य. ल. पेरेत्स यांच्या ‘तीन देणग्या’ या कथेत ही टोपी आली आहे. प्रकृती खालावल्यामुळे दोघा भावांना सैबेरियाऐवजी मॉस्कोतच अडकवून ठेवले, आणि निकोलस वारल्यावर दुसऱ्या अलेक्झांडरने त्यांची मुक्तता केली.

दरम्यान 1836 च्या फर्मानाने रशियातील सारे यहुदी छापखाने बंद झाले. दोनच ठेवावे असे ठरले, आणि प्रत्यक्षात कैक वर्षे एकट्या विल्नाचा चालू राहिला. दुसऱ्याची परवानगी 1847 मध्ये झितोमिर येथे प्रत्यक्षात आली, आणि ती मिळवणारे मोशे शापिरो यांचेच नातू होते. त्यांनी 1858 ते 1864 या काळात तालमूद पुन्हा छापला. या काळातील ग्रंथाच्या मुखपृष्ठामागे रशियन लिपीत तपासनीसाच्या मंजुरीचा मजकूर असतो. स्लावुताच्या अगदी आरंभीच्या प्रतींत तो नाही. ज्याला रशियन येत नाही त्यानेही हा फरक ओळखण्यापुरती ती लिपी शिकावी, असा ग्रंथकर्त्यांचा आग्रह आहे, आणि तो रास्त आहे. पलीकडे ऑस्ट्रियाच्या गालिसियात हसिदी ग्रंथांवर सरकारी मर्जी खप्पा. तेव्हा ल्वूव्हच्या मुद्रकांनी मुखपृष्ठावर गावाचे नाव न घालणे किंवा मुद्दाम जुने साल घालणे असे उपाय योजले. अशा वेळी पुस्तक सांगते त्यावर विश्वास न ठेवता कागद सांगतो त्यावर ठेवावा लागतो.

येथवरचा इतिहास मी विस्ताराने सांगितला याचे कारण असे की त्याच्याशिवाय या ग्रंथांच्या संग्रहाची जी खरी अडचण आहे ती कळणार नाही. इतर ग्रंथसंग्रहांत प्रतीची अवस्था हा मोलाचा मुख्य निकष असतो: बांधणी मूळची हवी, कड कापलेली नको, डाग नको, वाचकाचे हस्ताक्षर तर नकोच. पण हसिदी धर्मग्रंथ ज्यांनी छापले त्यांनी ते पाहण्यासाठी छापले नव्हते. रोज पहाटे उठून ज्यावर डोके ठेवावयाचे, जेवताना ज्यावर मेण सांडावयाचे, मुलाच्या बोटाखाली ज्याची अक्षरे झिजावयाची, असे ते ग्रंथ. आणि ते झिजून निकामी झाले म्हणजे परमेश्वराचे नाव असलेला कागद फेकून देता येत नाही म्हणून ‘गनीझा’त ठेवावयाचे आणि शेवटी दफनभूमीत पुरावयाचे, असा धर्मशास्त्राचा दंडक आहे; आपण जीर्ण पोथी नदीत सोडतो त्याच भावनेने. तेव्हा या ग्रंथांची दुर्मिळता दोन वेगळ्या कारणांची आहे. काही प्रती दुष्टांनी नष्ट केल्या, आणि बहुतेक प्रती भक्तांनी वापरून संपवल्या.

म्हणून अगदी निर्मळ प्रत पाहिली की मला शंका येते. व्हेनिसमध्ये बॉम्बर्ग या मुद्रकाने सोळाव्या शतकात छापलेल्या तालमूदची जी प्रत डिसेंबर 2015 मध्ये न्यूयॉर्क येथील सॉदबीच्या लिलावात 93 लाख डॉलरला विकली गेली, ती इतकी स्वच्छ का होती? कारण कित्येक पिढ्या ती लंडनच्या वेस्टमिन्स्टर मठाच्या ग्रंथालयात पडून होती, आणि तेथे तिचे अध्ययन करणारा कोणी नव्हता. लंडनचे संग्राहक जॅक लुन्झर यांनी मठाच्या जुन्या सनदेची एक प्रत बदल्यात देऊन ती मिळवली. सौदा फर्डा होता. पण तालमूदची सर्वांत उत्तम स्थितीतली प्रत ही तालमूद न वाचणाऱ्यांच्या घरची निघावी, हे संग्राहकांनी विसरू नये.

ग्रंथकर्त्यांचे म्हणणे याच्या उलट टोकाला जात नाही, हे त्यांच्या पुस्तकाचे बळ आहे. मळकेपणा म्हणजे पावित्र्य असे ते कोठेही म्हणत नाहीत. झिजलेल्या प्रतींच्या बाजारात लबाडी किती चालते हे त्यांनी एका स्वतंत्र प्रकरणात उघड केले आहे. दोन अपुऱ्या प्रती फाडून एक पुरी केलेली. गेलेले मुखपृष्ठ दुसऱ्या आवृत्तीवरून छापून, चहाच्या पाण्याने तपकिरी करून चिकटवलेले. आणि सर्वांत मोठी लबाडी हस्ताक्षरांची, कारण समासात एखाद्या नामांकित गुरूची सही आहे असे ठरले की त्या प्रतीचा भाव एका रात्रीत अनेक पटींनी चढतो. या बाबतीत त्यांचा नियम मला फार आवडला: सही पाहून पुस्तक घेऊ नये, पुस्तक घ्यावे आणि सही खोटी धरून चालावे. ती खरी निघाली तर देवाची कृपा.

संग्राहकांच्या इतिहासातही हा ग्रंथ मनोरंजक आहे. हसिदी ग्रंथांचा पहिला काळजीपूर्वक अभ्यासक हसिदी नव्हता, त्यांचा कट्टर वैरी होता. तार्नोपोलचे योसेफ पेर्ल यांनी 1819 मध्ये व्हिएन्नात हसिदींची टवाळी करणारी एक पत्ररूप कादंबरी छापली. तिचे कथानक हसिदींनी आपल्याविरुद्धच्या एका पुस्तकाचा पाठलाग करण्याचे, आणि तिच्या तळटीपांत हसिदी ग्रंथांचे काटेकोर संदर्भ. टिंगल करण्यासाठी का होईना, त्यांना ते ग्रंथ जमवावे लागले, वाचावे लागले. पुढच्या शतकात जेरुसलेमचे गेर्शोम शोलेम यांनी गूढविद्येच्या ग्रंथांचा जो संग्रह केला तो आज तेथील राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. आपल्याला कोणती पुस्तके हवी आहेत याची एक यादी त्यांनी 1937 मध्ये छापून वाटली. ती पाहून पुस्तकविक्रेत्यांनी नेमक्या त्याच पुस्तकांचे भाव चढवले, अशी आख्यायिका आहे. ज्याला काय हवे ते सांगण्याची घाई आहे अशा प्रत्येक तरुण संग्राहकाने ती ऐकून ठेवावी.

आणि मग ब्रुकलिनचा खटला. हसिदींच्या लुबाविच शाखेचे सहावे गुरू योसेफ इत्झ्खाक श्नेऊरसोन यांचा वडिलोपार्जित ग्रंथसंग्रह पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत मॉस्कोत ठेवला गेला आणि पुढे सरकारजमा झाला. सुमारे बारा हजार ग्रंथांचा हा संग्रह परत मिळावा यासाठी अमेरिकेतील न्यायालयाचे हुकूम होऊनही तो रशियाबाहेर आलेला नाही. त्यांनी पोलंडमध्ये व नंतर अमेरिकेत जो दुसरा संग्रह केला त्यातली पुस्तके मात्र 1985 मध्ये कुटुंबातल्याच एका माणसाने काढून विक्रेत्यांना विकली. संग्रह गुरूंचा खाजगी होता की संप्रदायाचा, हा प्रश्न फेडरल न्यायालयापुढे आला. वारसाहक्काचा कायदा एका बाजूला होता. दुसऱ्या बाजूला गुरूंच्या कन्येची जबानी होती, आणि तिचा मथितार्थ असा की पुस्तके हसिदींची, कारण माझे वडीलच हसिदींचे होते. 6 जानेवारी 1987 रोजी निकाल संप्रदायाच्या बाजूने लागला. विकली गेलेली पुस्तके परत आली, आणि लुबाविचचे अनुयायी यहुदी पंचांगातील तो दिवस, तेवेत महिन्याची पाचवी तिथी, आजही नवी पुस्तके विकत घेऊन साजरा करतात. मालकीहक्काच्या प्रश्नावर कोणत्याही संग्राहकाला इतके नेमके उत्तर दुसऱ्या कोणी दिल्याचे मला ठाऊक नाही. ग्रंथकर्त्यांनी स्वतःच्या कपाटाला लावलेल्या चिठीवर ‘संग्रह’ असे न लिहिता ‘ठेव’ असे लिहिले आहे, त्याचा अर्थ हा खटला वाचल्यावर मला उलगडला.

दुसऱ्या महायुद्धात काय झाले हे सांगावयास नको. स्लावुता, कोरेत्स, बेर्दिचेव्ह येथील यहुदी मारले गेले, त्यांच्यासोबत त्यांचे सिनेगॉग आणि त्यांतली पुस्तके गेली. नाझींनी लुटलेल्या ग्रंथांपैकी जी सापडली ती अमेरिकन लष्कराने जर्मनीतील ऑफेनबाख येथील गोदामात गोळा केली. तीस लाखांवर पुस्तके तेथून मूळ मालकांकडे किंवा नव्या हाती गेली. आज बाजारात येणाऱ्या कित्येक प्रतींवर त्या गोदामाचा शिक्का आहे. ग्रंथकर्ते असा शिक्का पुसू देत नाहीत.

मराठी वाचकाने या ग्रंथांकडे का वळावे, असे कोणी विचारील. मी स्वतः हा प्रश्न ग्रंथकर्त्यांना विचारला होता. त्यांनी उत्तरादाखल दोन नावे सांगितली. एक मुंबईत 1880 मध्ये जन्मलेले डेव्हिड सॉलोमन ससून, ज्यांनी हजारावर हिब्रू व तत्संबंधी हस्तलिखिते जमवून त्यांची ‘ओहेल दाविद’ ही दोन खंडांची सूची 1932 मध्ये प्रसिद्ध केली. दुसरे नाव माणसाचे नव्हते, पुस्तकाचे होते: वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची हगादा, हिब्रू मूळ आणि मराठी भाषांतर समोरासमोर असलेली, मुंबईत 1846 मध्ये शिळाप्रेसवर छापलेली, आणि तिची धाकटी बहीण, पुण्यात 1874 मध्ये चित्रांसह निघालेली, जिच्या एका चित्रात आपल्याकडच्या पद्धतीचे लुगडे नेसलेल्या बाया बेखमीर भाकरी करताना दाखवल्या आहेत. ज्यांना कोकणात शनिवार तेली म्हणत त्या बेने इस्राएल समाजाची ही पुस्तके. हसिदींशी त्यांचा संबंध नाही, छापखाना वेगळा, लिपी अर्धी वेगळी. पण पानांचे कोपरे तसेच झिजलेले, आणि पानांवर द्राक्षरसाचे डाग तसेच.

या पुस्तकांच्या प्रती आज कोठे कोठे आहेत हे ग्रंथकर्त्यांना नोंदवून ठेवावयाचे आहे, आणि त्यांच्या वतीने ही विनंती मी येथे करतो. अलिबाग, पेण, पनवेल, ठाणे, किंवा इस्राएलात गेलेल्या आपल्या माणसांच्या घरी, जुन्या पेटीत, हिब्रू व मराठी अशा दोन्ही लिपींतले पुस्तक असेल, तर ते रद्दीत घालू नये, आणि पुरण्यापूर्वीही एकदा कोणा जाणत्याला दाखवावे. पहिले पान गेले असले तरी चालेल. शेवटच्या कोऱ्या पानावर मुलांची नावे लिहिलेली असली, तर ते पान कापून ठेवू नये. पुस्तकातच राहू द्यावे.